पडदा एक, दृश्ये दोन : स्प्लिट स्क्रीनचा हिशेब

फोनवर बोलणारी दोन माणसे दोन वेगळ्या शहरांत असतात, तरी पडद्यावर ती शेजारी-शेजारी एकाच वेळी कशी दिसतात? जुळ्या भावांचे काम करणारा एकच नट स्वतःशीच भांडतो, तेव्हा तो एका चौकटीत दोनदा कसा येतो? आणि हे घरच्या लॅपटॉपवर किंवा मोबाइलवर करता येते का? व्हिडिओ एडिटिंग शिकू लागलेल्या बहुतेकांना हे प्रश्न पडतात. तिन्हींच्या मुळाशी एकच तंत्र आहे. त्याला स्प्लिट स्क्रीन म्हणतात. पडद्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात वेगळे दृश्य चालवायचे. सॉफ्टवेअरमध्ये हे काम काही मिनिटांचे आहे. पण ते चांगले व्हायचे असेल तर दृश्याचा कोणता भाग टाकून द्यायचा हे आधी ठरवावे लागते, आणि शक्य तर चित्रीकरणाच्या वेळीच ठरवावे लागते.

१. फिल्मच्या काळातली युक्ती

हे तंत्र संगणकापेक्षा कितीतरी जुने आहे. १९१३ साली लोइस वेबर आणि फिलिप्स स्मॉली यांनी ‘सस्पेन्स’ नावाचा सुमारे दहा मिनिटांचा मूकपट केला. त्यात एका प्रसंगी चौकटीचे त्रिकोणी भाग पाडलेले दिसतात. एकात घरी एकटी असलेली बायको घाबरून फोन करते आहे, दुसऱ्यात कचेरीतला नवरा तो फोन ऐकतो आहे आणि तिसऱ्यात एक भटका माणूस त्यांच्या घरात शिरू पाहतो आहे. ही दृश्ये एकामागून एक आली असती तर प्रेक्षकाला त्यांचा संबंध मनात जोडावा लागला असता. इथे धोका, हाक आणि अंतर ही तिन्ही एका नजरेत येतात.

१९२७ साली आबेल गान्स यांनी ‘नेपोलियन’च्या शेवटच्या भागासाठी तीन प्रोजेक्टर शेजारी-शेजारी लावून तीन चित्रे एकत्र दाखवली. १९५९ च्या ‘पिलो टॉक’मध्ये डोरिस डे आणि रॉक हडसन आपापल्या घरी, आपापल्या टबात पहुडून फोनवर बोलतात. मधल्या रेषेला दोघांचे तळवे दोन बाजूंनी टेकतात आणि दोन घरांतले अंतर क्षणभर नाहीसे होते. १९६८ च्या ‘द थॉमस क्राउन अफेअर’मध्ये दरोड्याची तयारी अनेक लहान चौकटींतून उलगडते. १९७० च्या ‘वुडस्टॉक’ या माहितीपटात एकच संगीत महोत्सव अनेक कॅमेऱ्यांतून एकदम दिसतो.

या उदाहरणांतून दोन वेगळ्या गरजा दिसतात : वेगळ्या ठिकाणी एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी दाखवणे आणि एकच घटना अनेक बाजूंनी दाखवणे. यांत आणखी एकीची भर घालता येते, ती म्हणजे तुलना. दुरुस्तीआधीचे घर आणि नंतरचे घर, चुकीचे आसन आणि बरोबर आसन. दोन दृश्ये एकाच क्षणी पाहून प्रेक्षकाला काही जास्तीचे कळत असेल, तरच पडदा विभागावा. तसे नसेल तर पूर्ण पडद्यावर एकामागून एक दृश्य दाखवणे केव्हाही चांगले.

फिल्मच्या काळात हे तुकडे ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर पुन्हा चित्रित करून जोडावे लागत. चूक झाली आहे हे फिल्म धुऊन आल्यावरच कळे. आज चूक दिसताच मागे जाता येते.

२. ट्रॅक म्हणजे काय

एडिटिंगचे सॉफ्टवेअर उघडले की खालच्या भागात आडवी पट्टी दिसते. तिला टाइमलाइन म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते. टाइमलाइनवर एकावर एक आडवे रकाने असतात, ते ट्रॅक. चित्रीकरणाचा एखादा तुकडा, म्हणजे क्लिप, कोणत्याही ट्रॅकवर ठेवता येते.

पलंगावर एकावर एक दोन चादरी अंथरल्या तर वरचीच दिसते. खालची दिसायला हवी असेल तर वरची अर्धी दुमडावी लागते. ट्रॅकचे तसेच आहे. एकाच वेळेवर दोन ट्रॅकवर दोन क्लिप ठेवल्या तर वरच्या ट्रॅकवरची दिसते आणि खालची पूर्ण झाकली जाते. म्हणून दोन्ही क्लिप टाकूनही पडद्यावर एकच दृश्य दिसले, तर सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. वरची क्लिप कापायची किंवा सरकवायची राहिलेली असते.

त्यासाठी तीन साधने पुरतात. ‘स्केल’ने चित्र लहान-मोठे होते. ‘क्रॉप’ने चित्राची कड कापली जाते, उरलेल्या चित्राचा आकार तोच राहतो. ‘पोझिशन’ने चित्र पडद्यावर सरकते. प्रीमियर प्रो, दा विंची रिझॉल्व्ह, फायनल कट प्रो, शॉटकट, केडेनलाइव्ह अशा सगळ्यांत ही तिन्ही साधने असतात. नावे आणि जागा थोड्या बदलतात, एवढेच. आयमूव्हीमध्ये स्प्लिट स्क्रीनचा तयार पर्याय असतो आणि रिझॉल्व्हमध्ये ‘व्हिडिओ कोलाज’ नावाचा इफेक्ट मिळतो. तयार पर्याय वेळ वाचवतात, पण चित्राचा नेमका कोणता भाग दिसावा हे शेवटी माणसालाच सांगावे लागते. म्हणून हाताने करण्याची रीत आधी समजून घ्यावी.

३. अर्ध्या पडद्याचे गणित

डिजिटल चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. त्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी चौकट १९२० पिक्सेल रुंद आणि १०८० पिक्सेल उंच असते. तिचे दोन समान उभे भाग केले तर प्रत्येक भाग ९६० रुंद आणि १०८० उंच होतो. म्हणजे आडव्या पडद्याचे दोन भाग केले की हाती येतात त्या दोन जवळजवळ चौरस, किंचित उभट खिडक्या. आडव्या दृश्याला अशा खिडकीत बसवायचे आहे, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते.

पहिला विचार सुचतो तो दृश्य लहान करण्याचा. स्केल ५० टक्के केला की १९२० चे ९६० होतात, पण त्याबरोबर १०८० चेही ५४० होतात. चित्र अर्ध्या रुंदीत बसते, मात्र वर २७० आणि खाली २७० पिक्सेलची काळी पट्टी राहते. चित्राचा कोणताही भाग गमवायचा नसेल, उदाहरणार्थ बुद्धिबळाचे दोन डाव शेजारी दाखवायचे असतील, तर ही पट्टी पत्करावी लागते. माणसांच्या दृश्यात मात्र ती पडद्याची अर्धी जागा वाया घालवते.

दुसरा मार्ग कापण्याचा. स्केल १०० टक्केच ठेवायचा आणि क्रॉपने डावीकडून २५ टक्के, उजवीकडून २५ टक्के कापायचे. क्रॉप पिक्सेलमध्ये मागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे ४८० लिहायचे. मधला ९६० पिक्सेलचा भाग उरतो, पण तो अजून पडद्याच्या मध्यावर आहे. डाव्या भागात न्यायला तो ४८० पिक्सेल डावीकडे सरकवायचा. दुसऱ्या क्लिपवर तसाच क्रॉप लावून ती ४८० पिक्सेल उजवीकडे सरकवायची. झाले.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. काही सॉफ्टवेअरमध्ये मोजणी पडद्याच्या मध्यापासून होते. तिथे आडव्या पोझिशनमध्ये उणे ४८० आणि अधिक ४८० लिहावे लागते. प्रीमियर प्रोमध्ये मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून होते आणि चित्राच्या मध्याची जागा लिहायची असते. तिथे तीच दोन स्थाने ४८० आणि १४४० अशी येतात. काम एकच, आकडे वेगळे.

आता खरा प्रश्न. माणूस चौकटीच्या मध्यावर नसेल तर? समजा, गायिका डावीकडच्या कडेपासून ६४० पिक्सेलवर बसली आहे. दोन्हीकडून सारखे कापले तर ती खिडकीच्या कडेला जाऊन चिकटेल. म्हणून खिडकीचा मध्य ६४० वर धरायचा. ६४० मधून ४८० वजा केले की खिडकी १६० पासून सुरू होते आणि ९६० रुंदीनंतर ११२० वर संपते. म्हणजे डावीकडून १६० आणि उजवीकडून ८०० पिक्सेल कापायचे, टक्क्यांत सांगायचे तर सुमारे ८.३ आणि ४१.७. तिला डाव्या भागात बसवायचे तर ६४० वरचा मध्य ४८० वर आणायचा, म्हणजे चित्र १६० पिक्सेल डावीकडे सरकवायचे. हा हिशेब एकदा कागदावर मांडला की पुढे तो नजरेनेच जमू लागतो.

क्लिप फोर के असेल, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलची, आणि प्रोजेक्ट फुल एचडीचा असेल, तर हात मोकळा राहतो. तीच क्लिप निम्म्या मापात पूर्ण पडदा भरते, म्हणून थोडी जवळ आणली तरी चित्र फुटत नाही. मात्र काही सॉफ्टवेअर अशी क्लिप आपोआप पडद्याच्या मापाची करून घेतात आणि तरीही स्केल १०० टक्के दाखवतात. आकडा पाहण्याआधी ही सेटिंग तपासावी.

४. तीन भाग, चार भाग, उभा पडदा

चार समान भाग सर्वांत सोपे. प्रत्येक खिडकी ९६० बाय ५४० ची होते आणि तिचे प्रमाण मूळ चौकटीसारखेच असते. स्केल ५० टक्के केला की काही न कापता चित्र नेमके बसते. तीन उभ्या भागांत प्रत्येकाला ६४० पिक्सेलची रुंदी मिळते, त्यामुळे दृश्याचा दोन तृतीयांश भाग कापला जातो. तिथे एकटा माणूस, तोही उभा किंवा छातीपर्यंतचा, एवढेच चांगले दिसते.

मोबाइलच्या उभ्या व्हिडिओत चौकट १०८० बाय १९२० ची असते. तिचे वर-खाली दोन भाग केले तर प्रत्येक खिडकी १०८० बाय ९६० ची, म्हणजे किंचित आडवी येते. आडवी एचडी क्लिप ८८.९ टक्क्यांवर आणली की तिची उंची ९६० होते आणि रुंदी सुमारे १७०७. त्यांतले १०८० दिसतात. आडव्या पडद्यावर निम्मे दृश्य हाती उरते, इथे सुमारे ६३ टक्के उरते. दोन माणसांच्या संवादाला उभा पडदा अनेकांना अडचणीचा वाटतो, पण वर-खाली मांडणीत तो आडव्यापेक्षा जास्त दाखवतो.

५. वेळ जुळवणे

एक बहीण नाशिकला आणि दुसरी दुबईला. दोघी आपापल्या मोबाइलवर एकच गाणे म्हणून पाठवतात आणि ते एका पडद्यावर आणायचे आहे. चौकटींची मापे कितीही नेमकी असली तरी ओठ आणि सूर जुळले नाहीत तर सगळे फसते. या कामात सर्वांत जास्त वेळ जुळवणीवर जातो, आणि जावाही.

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. भारतातील टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, तर मोबाइल बहुधा ३० फ्रेमवर चित्रीकरण करतो. २५ च्या हिशेबाने एक फ्रेम ४० मिलिसेकंद टिकते. एका फ्रेमची चूक सहसा लक्षात येत नाही. तीन-चार फ्रेमची चूक झाली की ताल चुकल्यासारखे वाटते.

जुना आणि खात्रीचा उपाय टाळीचा. चित्रपटात क्लॅपबोर्ड आपटतात तो याचसाठी. दोघींनी गाण्याआधी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. टाइमलाइनवर आवाजाची रेघ दिसते. तिच्यात टाळीच्या जागी एक उंच सुळका येतो. दोन्ही क्लिपचे सुळके एका उभ्या रेषेत आणले की पुढचे जुळते. मात्र दोन घरांतल्या टाळ्या एकाच क्षणी पडायला काही आधार हवा. तो आधार म्हणजे दोघींनी ऐकायचा एकच संदर्भ ट्रॅक, म्हणजे तबला किंवा तानपुऱ्यासह ठोके असलेली फाइल. टाळी तिच्यातल्या ठरलेल्या ठोक्यावर द्यायची. फाइल इअरफोनवर ऐकावी, म्हणजे तिचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मिसळत नाही. इअरफोन वायरचाच घ्यावा, कारण ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि गाणारी व्यक्ती तेवढीच मागे पडते.

एकाच सभागृहातल्या कार्यक्रमाचे दोन कॅमेरे जुळवताना वेगळी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ४० मिलिसेकंदांत साडेतेरा मीटरच्या आसपास. मागच्या रांगेत २७ मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला रंगमंचावरचा आवाज दोन फ्रेम उशिरा मिळतो. सॉफ्टवेअरने आवाजावरून क्लिप आपोआप जुळवल्या तर आवाज जुळतो, पण त्या कॅमेऱ्याचे चित्र दोन फ्रेम आधी दिसू लागते. अशा वेळी आवाज मंचाजवळच्या माइकचाच ठेवावा आणि दूरच्या कॅमेऱ्याचे चित्र टाइमलाइनवर हाताने दोन फ्रेम उजवीकडे सरकवावे.

सुरुवात जुळली, पण दहा मिनिटांनी दोन्ही क्लिप सुटल्या, असेही घडते. मोबाइल अनेकदा फ्रेमची गती स्थिर ठेवत नाही, प्रकाश आणि प्रोसेसरवरचा ताण पाहून ती कमी-जास्त करतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप आधी स्थिर गतीची करून घेतली तर हा त्रास बहुतांशी जातो. तरीही लांब रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन टाळ्या घेणे शहाणपणाचे.

६. एकच नट दोनदा

भारतीय पडद्याला दुहेरी भूमिकेचे वेड पहिल्यापासून आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पुढे ‘राम और श्याम’मध्ये दिलीपकुमार आणि ‘सीता और गीता’मध्ये हेमा मालिनी यांच्या जोड्या घरोघर पोहोचल्या. दोन्ही पात्रे एका चौकटीत आणण्याची मूळ रीत अशी की भिंगाचा अर्धा भाग काळ्या आडोशाने झाकायचा आणि उघड्या भागात नटाचे एक पात्र चित्रित करायचे. मग फिल्म उलटी गुंडाळून पहिल्या जागी आणायची, आडोसा दुसऱ्या बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर दुसरे पात्र घ्यायचे. बस्टर कीटन यांच्या १९२१ च्या ‘द प्लेहाउस’मध्ये नऊ कीटन एका चौकटीत दिसतात. त्यासाठी एकच फिल्म पुन्हापुन्हा मागे नेऊन चित्रित केली होती, आणि एकही चित्रण बिघडले असते तर आधीची सगळी मेहनत वाया गेली असती. कॅमेरामन एल्जिन लेस्ली यांच्या हाताच्या स्थिरतेचे मोल इथे कळते, कारण तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत.

सॉफ्टवेअरमध्ये फिल्म मागे न्यावी लागत नाही, पण शिस्त तीच आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. फोकस, प्रकाशाचे माप आणि रंगाचे माप लॉक करायचे, नाहीतर नट उजवीकडून डावीकडे गेल्यावर मोबाइल स्वतःहून उजेड बदलतो आणि दोन भागांचा रंग वेगळा दिसतो. खिडकीतून ऊन येत असेल तर दोन्ही चित्रणे लागोपाठ घ्यावीत, कारण अर्ध्या तासात सावली सरकते. मग दोन्ही क्लिप दोन ट्रॅकवर ठेवून वरच्या क्लिपचा अर्धा भाग क्रॉप करायचा. इथे पोझिशनला हात लावायचा नाही. दोन्ही चित्रे मूळ जागीच राहिली पाहिजेत.

सांधा कुठे पडावा याचा विचार चित्रीकरणाआधी करायचा. दाराची चौकट, खांब, कपाटाची कड अशा सरळ उभ्या रेषेवर तो लपतो. रिकाम्या भिंतीवर पडणार असेल तर क्रॉपऐवजी मास्क वापरावा. मास्क म्हणजे चित्रावर काढलेला आकार. त्याच्या आतले तेवढे दिसते. मास्कची कड ‘फेदर’ने विरळ करता येते, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात हळूच मिसळते. ही रेषा नटाने ओलांडायची नाही, आणि त्याच्या सावलीनेही नाही. सावलीकडे दुर्लक्ष होते आणि बहुतेक फसलेले डबल रोल तिथेच उघडे पडतात. पात्राला रेषा ओलांडायचीच असेल तर मास्कला त्याच्याबरोबर सरकवावे लागते, तेही जवळजवळ प्रत्येक फ्रेमला. ते काम होते, पण धीराचे असते.

नजर हा शेवटचा मुद्दा. दुसरे पात्र तिथे नसतानाही नटाने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरच पाहिले पाहिजे. तेवढ्या उंचीवर स्टँड लावून त्यावर खूण करतात, किंवा दुसरी व्यक्ती उभी करून तिच्याकडून संवाद म्हणवून घेतात.

७. डोळा कुठे, कान कुठे

माणसाला स्पष्ट दिसते ते नजरेच्या मध्यावरच्या अगदी छोट्या भागात. बाकीचे अंधुक असते. म्हणून दोन खिडक्या असल्या तरी प्रेक्षक दोन्ही एकदम पाहत नाही, तो एकीकडून दुसरीकडे जात राहतो. दोन्हीकडे एकाच वेळी संवाद आणि हालचाल ठेवली तर काहीतरी निसटतेच. एका बाजूला घडू द्यावे, दुसऱ्या बाजूला ऐकू द्यावे.

नजर वळवण्याचे सर्वांत मोठे साधन आवाज आहे. माइक फिगिस यांच्या २००० सालच्या ‘टाइमकोड’ या चित्रपटात पडद्याचे चार भाग शेवटपर्यंत चालतात आणि चारही भागांत मध्ये एकही कट नाही. कोणत्या वेळी कोणत्या चौकटीकडे पाहायचे हे मुख्यतः आवाजावरून कळते. एका चौकटीचा आवाज वर येतो, बाकीच्यांचे खाली जातात. घरच्या कामातही हेच करावे. दोन्ही क्लिपचे आवाज सारखेच चालू ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. एकाच घटनेचे दोन रेकॉर्डिंग असतील तर दोन्ही मिळून पोकळ, घुमल्यासारखा आवाज येतो. तिथे एक पूर्ण बंदच करावा. दोन गायिका असतील तर डावीकडचीचा आवाज जरासा डाव्या स्पीकरकडे आणि उजवीकडचीचा उजवीकडे सरकवला की डोळा आणि कान एकमेकांना साथ देतात.

संवादाच्या दृश्यात डावीकडचे माणूस उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे पाहत असावे. उलट झाले तर दोघे रुसल्यासारखे पाठमोरे वाटतात. डोक्याची उंची आणि चेहऱ्याचा आकार दोन्हीकडे साधारण सारखा ठेवावा.

८. रेषा, हालचाल आणि शेवटची फाइल

दोन दृश्यांची पार्श्वभूमी सारख्या रंगाची असेल तर मध्ये रेषा हवी. सर्वांत वरच्या ट्रॅकवर १० ते २० पिक्सेल रुंदीची एका रंगाची पट्टी ठेवली की पुरते. डबल रोलमध्ये अर्थातच रेषा नको.

पडदा एकदम दुभंगण्याऐवजी दुसरे दृश्य बाजूने सरकत यावे असे वाटत असेल तर की-फ्रेम वापरतात. की-फ्रेम म्हणजे ठराविक क्षणी ठराविक माप असावे अशी नोंद. पहिल्या क्षणी पोझिशन पडद्याबाहेरची आणि अर्ध्या सेकंदानंतर जागेवरची, अशा दोन नोंदी केल्या की मधला प्रवास सॉफ्टवेअर स्वतः करते. पहिली क्लिपही त्याच अर्ध्या सेकंदात बाजूला सरकली पाहिजे, नाहीतर तिच्यातला माणूस नव्या दृश्याखाली झाकला जातो.

दोन-चार व्हिडिओ एकदम चालवताना साधा लॅपटॉप अडखळतो. त्यासाठी प्रॉक्सी करतात, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती. अंतिम फाइल काढताना, म्हणजे एक्सपोर्ट करताना, सॉफ्टवेअर मूळ क्लिपच वापरते. एक्सपोर्टआधी सगळा भाग एकदा मोबाइलवर पाहून घ्यावा, कारण चार खिडक्यांतले चेहरे संगणकावर ठीक दिसतात आणि पाच-सहा इंची पडद्यावर ओळखूही येत नाहीत. तसे झाले तर खिडक्या कमी कराव्यात किंवा चित्रे जवळ आणावीत. मूळ क्लिप आणि प्रोजेक्ट फाइल काम संपल्यावरही जपून ठेवाव्या लागतात. एक्सपोर्ट झालेल्या व्हिडिओत कापलेली कड उरत नाही, आणि तोच व्हिडिओ पुढे उभ्या पडद्यासाठी मांडायचा झाला तर ती कडच लागते.